दोन्ही बाजू डाव्या

खोकं त्याच्याहून चार बोटं उंच होतं. पोचवायला आलेल्या माणसानं ते तीन जिने चढवून कसंबसं वर आणलं, दाराशेजारी भिंतीला टेकवून उभं केलं आणि धापा टाकत सहीचा कागद पुढे केला. त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि वाचलं. नाव त्याचंच होतं. वडिलांचं नाव, आडनाव, इमारतीचा क्रमांक, तिसरा मजला, डावीकडचं दार. कुठे काना-मात्रा चुकलेली नव्हती. त्याखाली ठळक छापलं होतं : लाकडी होडी, दहा फूट, एक नग, घरी बांधण्यासाठी.

"हे आमचं नाही," तो म्हणाला.

"नाव तुमचं नाही?"

"नाव माझंच आहे."

"पत्ता?"

"पत्ताही."

"मग आता काय होडीला विचारू, बाई तू कुणाची म्हणून?" त्या माणसाला अजून अकरा दारं गाठायची होती. "पैसे भरलेले आहेत साहेब. नको असेल तर मागाहून परत पाठवा. माझ्या कागदावर तेवढी सही करा."

त्यानं सही केली. आवाज ऐकून बायको ओल्या हातानं बाहेर आली, तिनं खोक्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि भाजीवाल्याकडून भोपळा आणला असावा इतक्या सहज आवाजात म्हणाली, "होडी मागवलीत? बरं केलंत. ठेवणार कुठे पण हे धूड?" मी मागवली नाही, असं तो म्हणाला. "मग काय मी मागवली?" असं म्हणून ती हसली. "अहो, विसरला असाल. हल्ली तुमचं लक्षच नसतं." एवढं बोलून ती कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली, आणि तो त्या खोक्यासमोर एकटाच उभा राहिला. विसरला असाल. बोलणाऱ्याला हा शब्द किती हलका असतो! तिच्या गावीही नव्हतं की गेली दोन वर्षं तो ह्याच शब्दाची वाट पाहत होता. की तो शब्द एक दिवस कोणीतरी दारात उभं राहून उच्चारणार, ह्या भीतीनं तो रोज सकाळी दाढी करताना आपल्या लहानपणच्या वर्गातल्या मुलांची नावं हजेरीच्या क्रमानं म्हणत असे, आणि बावीस नंबरचा मुलगा आठवला नाही तर अर्धा गाल साबणासकट तसाच ठेवून उभा राहत असे.

त्याच्या वडिलांची सुरुवात अशीच झाली होती. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी एकदा सायकलचा पंप विकत आणला. सायकल विकून चार वर्षं झाली होती. पंप कुणी आणला म्हणून त्यांनीच घर डोक्यावर घेतलं, आईवर ओरडले, ह्याच्यावर संशय घेतला, आणि दुकानदारानं स्वतः येऊन सांगितलं तेव्हा त्याला खोटारडा ठरवून दारातून हाकललं. घरातले सगळे हसले होते. तोही हसला होता, पोट धरून, आणि ते हसू आता त्याला नको असताना आठवे. कारण त्यानंतर दोन पंप आणखी आले. त्यानंतर वडील शर्टावर शर्ट घालू लागले, आणि अगदी शेवटी त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहत अतिशय नम्रपणे विचारत, डॉक्टर, माझा मुलगा केव्हा यायचा आहे? म्हणजे आजाराची पहिली खूण विसरणं ही नव्हतीच. पहिली खूण होती 'हे मी केलेलं नाही' असं ठासून सांगणं. मघाशी दारात त्यानं नेमकं तेच सांगितलं होतं. मी मागवली, असं म्हणावं तर खोटं, आणि नाही मागवली म्हणावं तर ती वडिलांचीच वाट. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पुढच्या महिन्यात त्याला साठ पुरी होणार होती.

बँकेचं पुस्तक पाहिलं तर पैसे दोघांच्या खात्यातून गेलेले होते. त्यावरून काहीच कळलं नाही. खोक्यावर होडीवाल्यांचा फोन नंबर बोटभर उंचीच्या आकड्यांत छापलेला होता. फोन केला असता तर दोन मिनिटांत सोक्षमोक्ष लागला असता, आणि म्हणूनच त्यानं तो केला नाही. हो साहेब, तुम्हीच केला होता फोन, अमुक तारखेला, असं पलीकडून कोणी अदबीनं म्हणालं, तर पुढे काय करायचं असतं? तीन दिवस खोकं दारामागे उभं राहिलं आणि तीन दिवस तो जाता-येता अंग चोरून त्याच्या बाजूनं गेला. चौथ्या दिवशी, रविवारी, बायको म्हणाली, "आलीच आहे तर बांधा की. नुसती उभी राहून काय अंडी घालणार आहे?" त्यानं कात्री घेतली. खोक्याची पट्टी कापता कापता त्यानं मनाशी एक पैज लावली, आणि लावल्यावर ती मोडायची छाती त्याला झाली नाही. ही होडी बिनचूक उभी राहिली तर डोकं ठिकाणावर आहे. एक जरी मोठी चूक झाली, तर मुकाट्यानं डॉक्टरांकडे जायचं, लेकीला कळवायचं, आणि जे असेल ते ऐकून घ्यायचं.

बिनचूकपणा हा त्याचा धंदाच होता. चष्म्याच्या दुकानामागच्या अरुंद खोलीत एकतीस वर्षं तो काचा घासत आला होता. पुढे मालक गिऱ्हाइकाचे डोळे तपासायचे, गोड बोलून महागातली फ्रेम गळ्यात मारायचे, आणि मागे हा, पाण्याच्या धारेखाली फिरणाऱ्या चाकाला काच लावून, फ्रेमच्या आकाराची होईपर्यंत बसलेला. उजव्या काचेवर लाल ठिपका, डावी कोरी. एकतीस वर्षांत एकदाही ह्या डोळ्याची काच त्या डोळ्यासमोर गेली नव्हती. खोकं आलं त्या आठवड्यापासून मात्र तो लाल ठिपका दिल्यावर पुन्हा चिठ्ठी वाचू लागला, मग पुन्हा ठिपका पाहू लागला, मग ठिपका आपणच दिला की आधीपासून होता, ह्या विचारात चाक नुसतंच फिरत राही. मालक पडदा बाजूला करून डोकावले. "काय हो, काचा घासताय की त्यांच्याशी गप्पा मारताय? पुढे माणूस आंधळा बसलाय तासभर." तो ओशाळून हसला. चूक एकही झाली नव्हती. पण न झालेल्या चुकांनीसुद्धा माणूस दमतो, हे त्याला नव्यानंच कळत होतं.

घरी पुढची खोली रिकामी केली. जेवायचं टेबल आणि शिलाईयंत्राचं टेबल एकमेकांना जोडून लांबलचक ओटा केला, खुर्च्या आतल्या खोलीत गेल्या, आणि दोघं पलंगावर ताटं घेऊन जेवू लागली. तळमजल्यावरचे निवृत्त हवालदार खास वर येऊन विचारून गेले, बांधाल हो, पण बाहेर काढाल कशी? दार त्यानं आधीच मोजून ठेवलं होतं. होडी कुशीवर केली की आरामात निघत होती, जिन्याच्या वळणासकट. हवालदार जरा निराश होऊन खाली गेले. खोक्यात प्लायवूडच्या कापलेल्या फळ्या होत्या, तांब्याच्या तारेचं भेंडोळं, गोंदाचे दोन डबे, एक रेझिनचा आणि एक ते घट्ट करणाऱ्या हार्डनरचा, आणि एक पुस्तिका, जी कुठल्याशा दुसऱ्या भाषेतून कोणीतरी घाईघाईनं मराठीत ओढून आणलेली होती. 'आता दोन्ही बाजूंची एकमेकींशी ओळख करून द्या.' 'टाके घालताना प्रसन्न असावे.' बायको हे मोठ्यानं वाचून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग दुसऱ्या दिवशी तेच पान उघडून, तितक्याच नवलानं, "अहो, हे ऐका, टाके घालताना प्रसन्न असावे!" म्हणून पुन्हा तितकीच हसली, आणि तिच्याबरोबर हसता हसता तो मनात म्हणाला, हे आपण काल ऐकलं ना? की काल ऐकलं असं आज वाटतंय? वडील असं म्हणायचे कधी कधी, हे सगळं एकदा होऊन गेलंय म्हणून. त्यानं हसू पुरं केलं आणि पाणी प्यायला आत गेला.

ह्या होडीला खिळे नव्हते. फळ्यांच्या कडांना बारीक भोकं पाडलेली होती, त्यातून तारेचे तुकडे ओवून पिळायचे, म्हणजे फळ्या शिवल्यासारख्या एकमेकींना धरून राहतात. मग सांध्यात गोंद भरायचा. शिवण म्हटल्यावर बायकोच्या अंगात वारं शिरलं. तिनं अठ्ठावीस वर्षं शिवणाच्या वर्गात मुलींना कापायला शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी ते सोडल्यापासून तिच्या हातांना काही काम राहिलं नव्हतं, आणि हात रिकामे राहिले की ती टेबलावरचं कापड उगाचच इंचाइंचानं मोजत बसे. तिची स्मरणशक्ती ही घरातली दंतकथा होती. शेजारच्या, ओळखीच्या शंभर बायकांच्या छातीची, कमरेची, बाहीची मापं तिला तोंडपाठ. लेकीच्या शाळेतल्या मैत्रिणींचे वाढदिवस, कोणी कुणाला कधी काय बोललं, कुठल्या साली कुठल्या मोलकरणीचा नवरा पळाला, सगळं. काही शोधायचं झालं, काही ठरवायचं झालं, तर तो आयुष्यभर तिला विचारत आला होता. स्वतःच्या आठवणींपेक्षा तिच्या आठवणींवर त्याचा विश्वास अधिक होता, आणि त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नव्हता. आता तर तो आधारच होता.

म्हणूनच तारांचं झालं तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकली. रविवारी दोघांनी मिळून तारेचे बोटभर लांबीचे दोनशे तुकडे कापून डब्यात भरले होते. मंगळवारी दुकानातून येऊन पाहतो तर डब्याशेजारी दुसरा ढीग. मोजले, एकशे नव्वद. भेंडोळं जवळजवळ संपलेलं. "ह्या कधी कापल्या?" त्यानं विचारलं. "कापल्या म्हणजे? त्या रविवारच्याच असतील," बायको म्हणाली, "नाहीतर तुम्ही सकाळी कापल्या असतील. पहाटे उठून खुडबुडत तर असता." खरंच, पहाटे तो उठला होता. पुढच्या खोलीत येऊन फळ्यांवरून हात फिरवत बसला होता. तेव्हा हातात पक्कड होती का? त्यानं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला आणि त्याला पक्कड दिसली, स्पष्ट, लाल मुठीची. पण ती पहाटेची की रविवारची, हे पक्कड काही सांगेना. मन चिंती ते वैरी न चिंती, तसं झालं होतं. एकदा संशय घ्यायचा ठरवला की स्वतःच्या हातांचासुद्धा घेता येतो. त्यानं दोन्ही ढीग एकत्र केले आणि डब्याचं झाकण लावलं. मग गोंदाचं. दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर. तो डबे देई, ती प्लास्टिकच्या भांड्यात ढवळी. गुरुवारी लावलेला गोंद शनिवारपर्यंत काकवीसारखा ओलाच राहिला, कारण त्यात हार्डनर पडलेलंच नव्हतं. "तुम्ही मला एकाच डब्यातलं तीनदा दिलंत," ती म्हणाली. त्याला आठवत होतं ते असं की दुसरा डबा त्यानं तिच्या हाताशी ठेवला होता. पण ती सांगत होती, आणि ती सांगते म्हणजे तसंच असणार. त्यानं सगळा गोंद कापडानं पुसून काढला, दोन तास, गुडघ्यांवर बसून, आणि ही काही मोठी चूक नव्हे, निस्तरता आली की ती मोठी नव्हे, अशी पैजेत एक पळवाट काढून ठेवली.

त्या दिवसांत संध्याकाळ त्याला चिकट वाटू लागली होती, गोंदासारखीच. "आज पोरीचा फोन आला होता का?" बायको विचारी. आला होता, तूच बोललीस. थोड्या वेळानं, फळी घासता घासता, पुन्हा, "आज पोरीचा फोन आला होता का हो?" आणि तो थबके. हा प्रश्न आत्ताच झाला, की मघाचा प्रश्नच त्याच्या डोक्यात दुसऱ्यांदा वाजला? तिला विचारावं तर चोराच्या मनात चांदणं. म्हणून तो प्रत्येक वेळी पहिल्यांदाच उत्तर दिल्यासारखं उत्तर देई, आवाज अगदी सहज ठेवून. आपलं बिंग फुटू नये म्हणून एखाद्या माणसानं किती चांगलं वागावं, त्याला काही सुमार नव्हता. तिच्यासमोर तो विनोद करी, घासकागदाची धूळ तिच्या नाकाला लावी, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षासारखा. ती खूश होती. मधूनच एखाद्या शब्दाशी अडून ती हात हवेत फिरवी, "ते हो, ते, हे पुसायचं..." आणि तो चटकन "फडकं" म्हणे, आणि आपल्याला शब्द किती पटकन आठवला म्हणून त्याला बरं वाटे.

आणि मग बाजूंचं झालं. होडीची प्रत्येक बाजू दोन तुकड्यांची होती, कारण दहा फुटांची अखंड फळी कुठल्या खोक्यात मावणार? दोन तुकडे टोकाला टोक लावून ठेवायचे आणि सांध्यावर, आतल्या अंगानं, वीतभर रुंदीची जोडपट्टी चिकटवायची. आतल्या अंगानं, हे महत्त्वाचं. म्हणजे डावी आणि उजवी ह्या आरशातल्यासारख्या उलटसुलट व्हायला हव्यात. बायकोनं खडूनं चारही तुकड्यांच्या आतल्या अंगावर फुल्या काढल्या. "बाह्यांसारखंच आहे हे," ती म्हणाली. "नवशिक्या पोरी एकावर पाहून दुसरी तशीच कापतात, आणि दोन्ही बाह्या डाव्याच होतात. मग बसा रडत. किती कापडं वाया घालवलीत मेल्यांनी!" डावी बाजू पहिल्या दिवशी झाली. दुसऱ्या दिवशी त्यानं उजवीचे तुकडे ओट्यावर मांडले, फुली वर, तीनदा तपासून. ती गोंदाचं भांडं घेऊन आली, थांबली, कपाळाला आठी घातली. "असं नाही. कालची होती तशीच ठेवा." अगं, पण ती डावी होती, ही उजवी, तो म्हणाला. "मला शिकवता?" तिनं भांडं खाली ठेवलं, दोन्ही तुकडे उचलले आणि पालथे घातले. आता ते कालच्यासारखे दिसत होते, हुबेहूब. फुली खाली गेली, असं तो म्हणाला. "फुली मी काढलीय ना? मग मला माहीत आहे ती कुठे जायची ते." तिच्या आवाजात कधी नसे असा एक धारदारपणा आला होता, जवळजवळ घाबरल्यासारखा, आणि त्याला वाटलं, अठ्ठावीस वर्षं बाह्या कापायला शिकवलेल्या बाईला आपण काय सांगणार, डोकं आपलंच फिरलंय, डावं-उजवंसुद्धा कळेनासं झालंय. त्यानं मान हलवली. पट्टी चिकटवली, वर वजनाला पीठ भरलेले दोन डबे ठेवले.

मंगळवारी सकाळी, दुकानात जायच्या आधी, दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या धरल्या. डावीची पट्टी आत होती. उजवीची पट्टी बाहेर, राजरोस, आणि खडूची फुली आत. पुस्तिका म्हणत होती त्याप्रमाणे ओळख करून दिली, आणि त्या एकमेकींकडे पाठ फिरवून उभ्या राहिल्या. "अरे देवा," बायको तोंडावर हात ठेवून म्हणाली, "दोन्ही डाव्या! हे काय करून ठेवलंत?" तूच पालथी घातलीस ना, तो हळूच म्हणाला. "मी?" ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, कांगावा नव्हता, निव्वळ आश्चर्य होतं, आणि त्यामागोमाग त्याच्याबद्दलची कीव. "अहो, मी असं सांगेन का? जन्म गेला माझा त्यात. मी तर त्या दिवशी भाजी निवडत होते आत." त्यानं बाजू भिंतीला टेकवली. त्याच्याजवळ एक आठवण होती, तिच्याजवळ दुसरी, आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नव्हत्या. आणि कुणाची खरी मानायची हे तर आयुष्यभर ठरलेलंच होतं. म्हणजे तिचा तो धारदार आवाज त्यानं स्वतः तयार केला होता. चूक स्वतः करून वर ती बायकोच्या गळ्यात घातली होती, पंपासारखी. वडिलांनी आईला असंच रडवलं होतं. तो खाली उतरला, कोपऱ्यावरच्या झाडाखाली उभं राहून त्यानं डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला आणि गुरुवारची वेळ घेतली. कोणासाठी, असं पलीकडच्या मुलीनं विचारलं. त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, आणि सांगताना ते नाव त्याला कुठेतरी खोक्यावर वाचल्यासारखं वाटलं. त्या दिवशी दुकानात त्यानं सात चष्मे केले आणि घरी येईपर्यंत एकही आठवेना.

बुधवारी दुकान अर्धा दिवस असे. दुपारी तो घरी आला तेव्हा बायको गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली होती. ओट्यावर, पुस्तिकेखाली, तिचा फोन वाजत होता. तो उचलायचा नाही असं त्याच्या मनात होतं, पण तो वाजायचा थांबेना.

"बाई आहेत का?" एक वयस्क, मोकळा आवाज म्हणाला. "मी होडीवाला बोलतोय."

"मी त्यांचा नवरा," तो म्हणाला.

"अरेच्चा! मग तुम्हाला कळलंच असेल सगळं. पोचली ना नीट? बाईंनी बजावलं होतं, ह्यांना सांगायचं नाही, साठाव्या वाढदिवसाची भेट आहे. पण आमचा माणूस शहाणा, महिनाभर आधीच टाकून गेला. रागावल्या असतील."

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"साहेब, ऐकताय ना? कसं विचारावं कळत नाही. बाईंचा दहा दिवसांनी पुन्हा फोन आला होता, होडी हवी म्हणून. मला वाटलं, दुसरी हवी असेल. म्हणालो, पहिली पोचली का? तर म्हणाल्या, पहिली कुठली, मी पहिल्यांदाच फोन करतेय. काल दुपारी परत आला. तेच सगळं, शब्दाला शब्द. ह्यांना सांगू नका, साठावा वाढदिवस आहे. म्हणून म्हटलं, पाठवण्याआधी जरा विचारून घ्यावं." आवाज थोडा अडखळला. "दर वेळी एक गोष्ट सांगतात त्या. लग्नाआधी तुम्ही तळ्यावर भाड्याची होडी घ्यायचात, आणि अर्धा तास झाला की तो माणूस काठावरून शिट्टी वाजवायचा. तुम्हाला फार राग यायचा म्हणे. म्हणायचात, आपली होडी असेल तेव्हा शिट्टी कोण वाजवतो बघू. माझी बायको गेली साहेब, नाहीतर मीपण तिला सांगितली असती ही गोष्ट."

पाठवू नका, असं तो कसाबसा म्हणाला. परत आला फोन तर हो म्हणा, पण पाठवू नका. फोन ठेवून तो ओट्याशी तसाच उभा राहिला. ती शिट्टी त्याला आठवत नव्हती. तळं आठवत होतं, पाण्यावरचा तेलाचा रंगीत तवंग, तिची ओली चप्पल, शिट्टी नाही. पस्तीस वर्षं तिनं ती जपून ठेवली होती, त्याच्या वतीनं, आणि काल दुपारी, ह्याच खोलीत, भिंतीला टेकलेल्या ह्याच दोन बाजूंसमोर उभी राहून तिनं होडी मागवली होती. मग पालथी पडलेली एकेक गोष्ट उताणी होऊ लागली. तारांचे ढीग. एकाच डब्यातलं रेझिन. पोरीचा फोन आला होता का. टाके घालताना प्रसन्न असावे. तिचा तो घाबरलेला, धारदार आवाज. घाबरली ती होती, तिला त्या क्षणी डावं-उजवं कळलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसा तो इतके दिवस स्वतःच्या डोक्यात शोधत फिरला होता. आणि सगळ्यात आधी त्याच्या मनात जे आलं ते सांगायला नको इतकं ओंगळ होतं : आपलं डोकं ठीक आहे. सुटलो. क्षणभर, एकच क्षण, त्याला खरोखर हलकं वाटलं, आणि मग त्या हलकेपणाची अशी शरम वाटली की त्यानं ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली. जिन्यावर तिची पावलं वाजत होती, एका वेळी एक पायरी. तिला सांगायचं? की तुझी आठवण, जिच्या भरवशावर मी जगलो, ती उसवायला लागलीय? तिला त्या नजरेनं स्वतःच्या हातांकडे पाहायला लावायचं, ज्या नजरेनं तो इतके दिवस पाहत होता? ते कसं असतं हे ह्या घरात आता त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

ती कपड्यांचं गाठोडं छातीशी धरून आत आली. "कुणाचा होता फोन? वरपर्यंत ऐकू येत होता."

"होडीवाल्यांचा."

"काय म्हणतात?"

त्यानं तिच्या हातातले कपडे घेतले आणि पलंगावर ठेवायच्या निमित्तानं पाठ फिरवली. "मीच मागवली होती म्हणाले. फोन करून. मला अजिबात आठवत नाही."

"बघा!" ती म्हणाली. "मी पहिल्या दिवसापासून सांगत नव्हते?" पण त्याचे खांदे पाहून तिचा आवाज उतरला. ती जवळ आली, त्याला तिनं खांद्याला धरून स्वतःकडे वळवलं. "अहो. अहो, असं काय करता? रडायला काय झालं?"

"बाजूंचंही मीच केलं. तारांचंही." तो म्हणाला. "उद्या डॉक्टरांची वेळ घेतलीय मी. विसरण्याचे डॉक्टर. वडिलांचं माहीत आहे ना तुला."

तिनं पदरानं त्याचे डोळे पुसले, चष्मा काढून, मग काचा पुसल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या आणि चष्मा नीट त्याच्या कानांवर बसवला. तिचे हात अगदी स्थिर होते. "घाबरायचं नाही," ती म्हणाली. "मी आहे ना? मी येते उद्या तुमच्याबरोबर. तुम्हाला काही सांगता यायचं नाही तिथे, नुसते गप्प बसाल. काय काय विसरता ते सगळं मी सांगेन त्यांना."

"हो," तो म्हणाला. "तूच सांग."